ट्रेलर, टोबार आणि सासूबाईंची वही



मागच्या रविवारी लेस्टरच्या मंदिरात दर्शन करून बाहेर पडले, तर दोघीतिघींनी मला पार्किंगमध्येच गाठलं. "तुम्ही म्हणे गाडीला मागे डबा जोडून तंबूत राहायला जाता. आणि सासूबाईंना घेऊन! त्यांचे नियम कसे सांभाळता?" उत्तर देता देता अर्धा तास गेला, मुलं कंटाळली, आणि माझं निम्मं सांगायचं राहूनच गेलं. म्हणून आज सगळं सविस्तर लिहिते आहे. लेख थोडा गाडीचा आहे, थोडा चुलीचा, आणि थोडा माझ्या चुकांचा.

सुरुवात चुकीपासूनच करते.

गेल्या वर्षी एप्रिलच्या सुरुवातीला, ईस्टरच्या सुट्टीत, आम्ही पहिल्यांदा पीक डिस्ट्रिक्टमध्ये तंबू ठोकायला गेलो. सासूबाई गावाहून नुकत्याच आल्या होत्या. मुलांनी हट्ट धरला, "आजी आली तरच आम्ही येणार." सासूबाईंचा रात्रीभोजन त्याग आहे. सूर्य मावळला की अन्न नाही आणि पाणीही नाही. कंदमूळ नाही, बाहेरचं शिजवलेलं नाही, पाणी गाळून उकळलेलंच. हे सगळं मला लग्न झाल्यापासून पाठ आहे. घरात ते सांभाळायला मला कधी जड गेलं नाही. पण घर सोडल्यावर काय होतं, ते त्या दिवशी कळलं.

आमची गाडी पाच माणसांची, मध्यम आकाराची. सामान टपावरच्या पेटीत, डिकीत आणि मुलांच्या पायाशी कोंबलं होतं. वाटेत अपघातामुळे दोन तास वाहतूक तुंबली. पोचलो तेव्हा सात वाजून गेले होते आणि पावणेआठच्या सुमाराला सूर्यास्त. शेगडी सगळ्यात खाली, तिच्यावर तंबू, तंबूवर पांघरुणं. मी एक एक काढून गवतावर टाकत होते आणि सूर्य डोंगरामागे उतरत होता. तिथे सर्वांसाठी एक स्वयंपाकघर होतं, त्यात शेगडीही होती. पण शेजारच्या चुलीवर मांस भाजत होतं, तव्यांना काय काय लागलेलं होतं कोण जाणे. सासूबाईंनी दारातूनच आत पाहिलं आणि परत फिरल्या.

भाताचं पाणी उकळायला लागलं आणि सूर्य गेला. त्यांनी दुपारी अकराला दोन भाकऱ्या खाल्ल्या होत्या आणि नंतर मूठभर शेंगदाणे. त्यानंतर थेट दुसऱ्या दिवशी सकाळी. पाण्याचा घोटही नाही. मी रडकुंडीला आले, तर म्हणाल्या, "अगं, एक रात्र तर हाय. पोरांना वाढ." आणि खुर्चीवर बसून जाप करत राहिल्या. मुलं मात्र जेवली नाहीत नीट. धाकटी सारखी आजीकडे बघत होती.

त्यांनी मला एका शब्दानेही बोल लावला नाही. तेच मला जास्त लागलं.

घरी आल्यावर मी ह्यांना म्हटलं, "पुन्हा जायचं नाही, नाहीतर जायचं तर चूल सगळ्यात आधी हाताशी आली पाहिजे." तिथून ट्रेलरचा विषय निघाला.

डबा कुठला?

सासूबाई सप्टेंबरमध्ये गावी परतल्या. पुढच्या हिवाळ्यात आम्ही शोधाशोध केली. पहिला पर्याय कॅरव्हॅनचा. आत स्वयंपाकघर, पलंग, सगळं तयार. पण किंमत, ती ठेवायला जागा, आणि ओढायला आमच्यापेक्षा दणकट गाडी. दुसरा पर्याय ट्रेलर टेंट, म्हणजे उघडला की तंबू होणारा डबा. छान असतो, पण भिजला की घरी आणून पूर्ण उघडून वाळवावा लागतो, आणि आमच्या घरापुढे तेवढी जागा नाही. ओलं कापड तसंच मिटून ठेवलं की बुरशी धरते. बुरशीचं आपल्याला काय, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. अनंतकाय जीवांची वसाहत पाळून ती नंतर पुसून काढायची, हे मला नको होतं.

शेवटी ठरला साधा सामानाचा ट्रेलर. दोन चाकं, पत्र्याचा डबा, वर पक्कं झाकण. ब्रेक नसलेला.

इथे एक गोष्ट सांगते, कारण बऱ्याच जणांचा गैरसमज असतो. ब्रेक नसलेला ट्रेलर भरल्यावर 750 किलोपर्यंत चालतो, एवढंच सगळ्यांना माहीत असतं. पण दुसरी अट अशी, की तो ओढणाऱ्या गाडीच्या रिकाम्या वजनाच्या निम्म्यापेक्षा जड असता कामा नये. आमची गाडी साधारण 1400 किलोची, म्हणजे 700. त्यातही कंपनीने गाडीच्या पुस्तकात बिनब्रेकच्या ट्रेलरसाठी 650 लिहिलं होतं. तिन्हींतला सगळ्यात लहान आकडा तो आपला. आणि ट्रेलरच्या स्वतःच्या पाटीवरचा आकडा वेगळाच. आमच्या ट्रेलरवर 500 आहे, म्हणून आम्हाला 500. हा आकडा डब्यासकट असतो. डबाच 140 किलोचा, म्हणजे सामानाला उरले 360.

परवान्याचंही विचारतात. 1997 पासून पुढे कारची परीक्षा दिलेल्यांना पूर्वी मोठ्या ट्रेलरसाठी वेगळी परीक्षा द्यावी लागत असे. 16 डिसेंबर 2021 पासून इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये ती अट गेली. साध्या कारच्या परवान्यावर 3500 किलोपर्यंतचा ट्रेलर ओढता येतो. पण परवाना देतो म्हणून गाडीला झेपतंच असं नाही. आधी गाडीचं पुस्तक बघा. काही हायब्रिड आणि विजेवरच्या गाड्यांना तर ट्रेलर ओढायला मुळी परवानगीच नसते. टोबार मागवल्यावर हे कळलं तर पैसे गेले.

टोबार

टोबार म्हणजे गाडीच्या मागे, बंपरखाली बसवलेला लोखंडी दांडा आणि त्याच्या टोकाला 50 मिलिमीटरचा गोळा. ट्रेलरची पुढची वाटी त्या गोळ्यावर बसते. दिसायला एवढंसं, पण सगळा भार त्याच्यावर.

आम्हाला तीन प्रकार दाखवले. एकात गोळा दोन बोल्टांनी पट्टीवर बसवतात. स्वस्त, मजबूत, पण कायम बाहेर. दुसरा हंसाच्या मानेसारखा वळलेला, सडपातळ. तिसरा काढता-घालता येणारा. हे पहिला घ्यायचा म्हणत होते. मी तिसऱ्यावर अडून बसले. कारण सांगते. आमची गाडी मंदिरात, दुकानात, शाळेत रोज उभी असते. मागून जाणाऱ्या माणसाच्या नडगीला त्या गोळ्याचा मार बसतो, हे मी स्वतः एकदा भोगलंय. शिवाय गाडी मागे घेताना सेन्सर सारखा बोंबलतो. आपली वस्तू वर्षातून वीस दिवस लागते, तर उरलेले दिवस दुसऱ्याला इजा करायला ती बाहेर का ठेवायची? ह्यांनी हसून मान्य केलं. थोडे जास्त पैसे गेले. आता काम झालं की तो दांडा काढून, पुसून, फडक्यात गुंडाळून डिकीत ठेवतो.

1 ऑगस्ट 1998 पासून पुढे रस्त्यावर आलेल्या गाड्यांना मान्यताप्राप्त टोबारच बसवावा लागतो. त्याच्यावर तशी पट्टी असते. ती बघून घ्या. जुन्या बाजारातून कुठल्याही गाडीचा उचलून आणू नका.

वायरिंग हे दुसरं. 7 पिनांचं आणि 13 पिनांचं असं दोन प्रकारचं सॉकेट मिळतं. आमच्यासारख्या साध्या डब्याला, ज्याला फक्त मागचे दिवे आणि इंडिकेटर लागतात, 7 पुरतं. आम्ही 13 घेतलं, पुढेमागे कुणाची कॅरव्हॅन ओढायची वेळ आली तर असू दे म्हणून, आणि मधे एक लहानसा जोड लावतो. त्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे आमच्याच गाडीसाठी बनवलेलं वायरिंग घेतलं. त्यामुळे मागे ट्रेलर जोडलाय हे गाडीला कळतं, आणि मागचे सेन्सर आपोआप गप्प बसतात.

ट्रेलरला मागे गाडीच्याच नंबराची पिवळी पाटी लागते, लाल त्रिकोणी रिफ्लेक्टर लागतात, आणि बिनब्रेकच्या ट्रेलरला गोळ्याशिवाय आणखी एक साखळी किंवा तारेचा दोर गाडीला जोडावा लागतो. वाटी चुकून निसटली तर ट्रेलर मोकाट सुटू नये म्हणून. ही साखळी जोडायचं काम आमच्याकडे मुलाचं. तो जोडतो, मी बघते, मग हे बघतात.

गाडी उलाळ होते

यंदा सासूबाई पुन्हा आल्या. चातुर्मासात त्या देशव्रत घेतात, ठरावीक हद्दीबाहेर जात नाहीत, म्हणून जुलै-ऑगस्टची मोठी सुट्टी बाद. मे अखेरीची आठवड्याची सुट्टी धरली आणि लेक डिस्ट्रिक्टला निघालो. त्या सुमाराला तिथे सूर्य साडेनऊच्या आसपास मावळतो. आपल्या सांगलीकडे तेव्हा सात वाजताच अंधारून येतं. सासूबाईंना हे ऐकून मोठं नवल वाटलं. "मंजी संध्याकाळचं जेवण रात्री नवाला केलं तरी चालतंय म्हण की!" आणि स्वतःच हसल्या.

मागच्या वेळची सल माझ्या मनात होती, म्हणून मी यंदा काहीच कमी पडू द्यायचं नाही असं ठरवलं होतं. ट्रेलर आहे, जागा आहे. दोन शेगड्या. कुकर दोन. परात, पोळपाट, सगळी पातेली. किराणा दहा दिवस पुरेल एवढा. आणि पाणी. घरी गाळून, उकळून, थंड करून 50 लिटर पाणी मी पाच डब्यांत भरलं. ते हाताशी लागावं म्हणून सगळ्यात शेवटी, ट्रेलरच्या मागच्या दाराशी ठेवलं. मागच्या वेळी चूल तळाला गेली होती ना, म्हणून जे जे लगेच लागणार ते सगळं मी मागे ठेवलं. शेगड्या, भांडी, किराणा, पाणी. हलकी अंथरुणं पुढे.

मोटरवेला लागलो. ट्रेलर असला की तिथे ताशी 60 मैलांची मर्यादा असते, आणि तीन किंवा जास्त लेन असतील तर सगळ्यात उजवीकडच्या लेनमध्ये जाता येत नाही. ह्यांनी सगळं पाळलं होतं. पण एका मोठ्या लॉरीला ओलांडताना वाऱ्याचा झोत आला आणि ट्रेलर मागे डुलायला लागला. डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. शेपूट हलावी तसा. गाडीचा मागचा भागही त्याच्याबरोबर ओढला जाऊ लागला. मी मागे वळून मुलांकडे पाहिलं आणि णमोकार सुरू केला. ह्यांनी ब्रेक मारला नाही, स्टिअरिंग सरळ धरलं आणि ॲक्सिलरेटरवरचा पाय हळू हळू उचलला. वेग कमी झाला तसा ट्रेलर शांत झाला. ते सेकंद किती होते माहीत नाही. पाच असतील, दहा असतील. पुढच्या थांब्यावर गाडी लावली तेव्हा माझे हात थरथरत होते.

हे टायरची हवा बघत होते, गोळा तपासत होते. सगळं ठीक. सासूबाई खाली उतरल्या, ट्रेलरभोवती एक फेरी मारली, मागचं दार उघडायला लावलं आणि आत पाहिलं.

"अगं, गाडी उलाळ झालीया ही."

मला शब्दच कळला नाही. मग त्यांनी सांगितलं. त्यांच्या माहेरी बैलगाड्या होत्या. गाडीत ओझं मागे जास्त झालं की पुढची बाजू उचलली जाते, जू बैलांच्या मानेवरून वर उठतं, आणि गाडी ताब्यात राहत नाही. तिला उलाळ म्हणतात. ओझं फार पुढे भरलं तर बैलांच्या मानेवर भार येतो, ती मानेला काचते. म्हणून जड ते आसावर आणि जरासं पुढे, जुवावर थोडा दाब राहील एवढं. "आमचे वडील गाडी भरली की जू हातानं उचलून बघायचे," त्या म्हणाल्या. "फार हलकं लागलं की पोती पुढं सरकवायची."

हे त्यांच्याकडे बघतच राहिले. ट्रेलरच्या पुस्तकात हेच तर लिहिलं होतं. गोळ्यावर पडणारा भार म्हणजे नोज वेट. भरलेल्या ट्रेलरच्या वजनाच्या साधारण 5 ते 7 टक्के भार गोळ्यावर पडावा, गाडीच्या मर्यादेत राहून. आम्ही ते वाचलं होतं. आमच्या गाडीची मर्यादा 75 किलो आहे, हे पाठही होतं. पण ते 'जास्तीत जास्त' एवढंच डोक्यात राहिलं. कमी पडलं तर काय, याचा विचारच केला नाही. मी आयुष्यभर ऐकलेल्या कामाला त्यांच्याकडे शब्द होता आणि आमच्याकडे फक्त आकडा.

"आणि हे पाणी कशाला गं एवढं?" त्यांनी विचारलं.

"आई, तुम्हाला पुरावं म्हणून. उकळून आणलंय."

"सकाळी उकळलंस नव्हं? मग उद्या सकाळपर्यंतच चाललं की."

मैत्रिणींनो, तेव्हा मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. गाळलेल्या पाण्याची मर्यादा 48 मिनिटं, लवंग वगैरे घालून प्रासुक केलेल्याची 6 तास, आणि पूर्ण उकळलेल्याची 24 तास. लहानपणापासून ऐकलेलं. 50 लिटर म्हणजे 50 किलो, आणि त्यातलं चाळीस किलो दुसऱ्या दिवशी त्यांच्या उपयोगाचंच नव्हतं. पीठही तसंच. उन्हाळ्यात दळलेल्या पिठाची मर्यादा 5 दिवस, आणि मी दहा दिवसांचं भरलेलं. ज्या नियमासाठी मी एवढं ओझं वाहत होते, त्या नियमानेच ते ओझं नको म्हटलं होतं. मी सेवा करत होते की माझी भीती भरत होते, कोण जाणे.

दहा लिटर ठेवून बाकीचं पाणी आम्ही तिथल्या झाडांना घातलं. शेगड्या, भांड्यांची पेटी आणि किराणा पुढे, आसाच्या वर आणला. अंथरुणं मागे गेली. ह्यांनी ट्रेलरची दांडी हाताने उचलून पाहिली, अगदी सासूबाईंच्या वडिलांसारखी. पुढचा सगळा रस्ता ट्रेलर गाडीमागे गुमान आला.

पाचला पोचलो. गवताऐवजी खडी टाकलेली जागा आधीच मागून घेतली होती, पायाखाली जीव कमी यावेत म्हणून. तंबू उभा करायच्या आधी चूल मांडली. नळाचं पाणी सासूबाईंनी स्वतःच्या फडक्याने दुहेरी घडी करून गाळलं. साडेसहाला मुगाचं वरण, भात, भाकरी आणि दोडक्याची भाजी. सूर्य अजून हातभर वर होता. धाकटी आजीच्या ताटाकडे बघत म्हणाली, "आजी आज जेवली." एवढंच.

वही

घरी आल्यावर ह्यांना चैन पडेना. ट्रेलर आधी भरला होता तसाच पुन्हा भरून बघितला. गोळ्याच्या उंचीएवढा लाकडी ठोकळा वजनकाट्यावर ठेवून त्यावर ट्रेलरची वाटी टेकवली की नोज वेट कळतं. न्हाणीघरातला साधा वजनकाटा चालतो. पहिल्या भरणीत ते निघालं 9 किलो. सामान होतं 281 किलो, डब्यासकट 421. म्हणजे 500 च्या पाटीत आम्ही आरामात बसत होतो. कायद्याने सगळं बरोबर होतं, तरी गाडी उलाळ होती.

मग सासूबाईंनी त्यांच्या पिशवीतून एक जुनी वही काढली. बारा वर्षांपूर्वी गावात चातुर्मासाला आलेल्या आर्यिका माताजींसमोर त्यांनी परिग्रहपरिमाण व्रत घेतलं, तेव्हाची. साड्या किती, भांडी किती, सोनं किती, सगळं लिहिलेलं. दरवर्षी पर्यूषणात त्या वही काढतात आणि जमलं तर एखादा आकडा खाली आणतात. वाढवायचा कधीच नाही.

"अशी एक वही डब्याचीपण कर," त्या म्हणाल्या. "मंजी दर खेपेला नवं काय तरी आत जाणार न्हाई."

तशी केली. मुलाने एक एक वस्तू वजनकाट्यावर ठेवली, धाकटीने आकडा सांगितला, मी लिहिलं. पाणी बाद, ते तिथेच गाळून उकळायचं. भांडी 31 किलोंवरून 13 वर आली. एक कुकर, एक कढई, एक तवा, एक परात, माणशी एक ताट-वाटी. टेबल-खुर्च्या 26 वरून 17. कपडे 34 वरून 21. किराणा 28 वरून 20. सगळं मिळून 281 चे 183 झाले. नोज वेट 22 किलो, म्हणजे अगदी हवं तेवढं. जून महिन्यात एका शनिवार-रविवारी पुन्हा पीक डिस्ट्रिक्टला जाऊन आलो. वाटेत एकदा वाऱ्याचा चांगलाच झोत आला. ट्रेलर हलला नाही.

आता एक प्रश्न मी स्वतःलाच विचारते, आणि तो तुमच्यापासून लपवत नाही. परिग्रह कमी करायचं म्हणून मी एक अख्खा ट्रेलर विकत घेतला, टोबार बसवला. हा परिग्रह नाही का? आहेच. तत्त्वार्थसूत्रात उमास्वामींनी परिग्रहाची ओळख वस्तूंच्या ढिगावरून नाही, तर त्यामागच्या मूर्च्छेवरून करून दिली आहे. पण त्याचा आधार घेऊन स्वतःला सूट देणं फार सोपं असतं. सासूबाईंना विचारलं तर म्हणाल्या, "डबा घेतलास त्ये झालं. आता मोठा नको बघायला जाऊस." तेवढं मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय. आमच्या ओळखीतल्या कुणाला लागला तर डबा न्यावा, असंही ठरवलंय. दोन कुटुंबांनी नेलाही.

ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी चुलीच्या चार गोष्टी. गॅसची टाकी उभीच न्यावी, प्रवासात बंद करून, आणि डब्याच्या तळाला हवा जायला जाळी असावी, कारण हा गॅस हवेपेक्षा जड असतो आणि खाली साचतो. थंडीच्या दिवसांत प्रोपेन घ्यावा. ब्युटेनचा शून्याच्या आसपास गॅसच होत नाही, शेगडी पेटत नाही. इथे प्रोपेनची टाकी लाल असते. पाऊस आला तरी बंद तंबूत चूल कधीच पेटवू नका. वास नसलेला कार्बन मोनॉक्साइड जीव घेतो. आणि अंधार पडल्यावर आम्ही ना शेकोटी करतो ना दिवा उघडा ठेवतो. पाखरं येऊन पडतात. मुलं आधी कुरकुरली, आता चांदण्या मोजत बसतात.

गाडी मागे घेणं मात्र मला अजून जमत नाही. स्टिअरिंग डावीकडे फिरवलं की ट्रेलर उजवीकडे जातो. एका रविवारी दुकानाच्या रिकाम्या पार्किंगमध्ये मी तासभर घाम गाळला. सासूबाई बाकावर बसून बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, "बैलं बरी. त्यांना नुसतं म्हटलं तर सरतात मागं."

पुढच्या आठवड्यात चातुर्मास सुरू होतोय. ट्रेलर झाकून ठेवला आहे, टोबारचा दांडा फडक्यात गुंडाळलाय. सासूबाईंनी यंदाचं देशव्रत लेस्टरपुरतं घेतलंय, त्यामुळे आम्हीही इथेच. तुमच्या घरी प्रवासात पाण्याची आणि चुलीची काय सोय करता, ते मला मंदिरात भेटल्यावर नक्की सांगा. माझ्या वहीत कमी करण्यासारखं अजून काही निघालं तर मला हवंच आहे.

लिहिताना काही चुकलं असेल तर क्षमा असावी.

जय जिनेंद्र.